सखोल शोध घेतला असता

देल्फिना गेली त्याला दोन महिने झाल्यावर मी पहिला अर्ज लिहिला. हाताने लिहिला, चार पानं. त्यात सगळं घातलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, मी तिला आमच्या गावातल्या सरकारी डायलिसिस केंद्रात न्यायचो. एकही वार चुकवला नाही. नऊ मार्चच्या सोमवारी ती पलंगावरून उठायला तयार नव्हती. म्हणाली, "आज नको, सेवेरो. शुक्रवारी तिथल्या पाण्याला वास येत होता. घरी येईपर्यंत मला हुडहुडी भरली होती."

मी म्हणालो, "तुला दर सोमवारी काहीतरी सापडतं. ऊठ."

ती उठली. केंद्रात दुसऱ्या तासाला तिचे दात वाजायला लागले. मग ताप चढला. गुरुवारी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलंय, मूत्रपिंड निकामी.

अर्जाच्या शेवटी मी लिहिलं की माझी विनंती एवढीच आहे, रक्त धुणाऱ्या मशीनला लागतं ते केंद्रातलं पाणी त्या दिवशी चांगलं होतं की वाईट ते मला कळवावं.

पाणी चांगलं असेल तर ती आजाराने गेली, आणि मी तिला उठवलं ते बरोबरच होतं. पाणी वाईट असेल तर ती खरं सांगत होती आणि मी तिला ओढून नेलं. हे मी अर्जात लिहिलं नाही. पण मला हवं होतं ते हेच.

पाणी, खाद्यपदार्थ आणि दवाखाने तपासणारी आरोग्य खात्याची कचेरी राज्याच्या राजधानीत आहे. आमच्या गावापासून बसने दीड तास. तळमजल्यावर माहितीची खिडकी आहे आणि तिथे इरासेमा नावाची बाई बसते. मेक्सिकोत कचेरीच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला लिसेन्सियादो किंवा लिसेन्सियादा म्हणायचं असतं, पदवी असो वा नसो. मी तसंच म्हणालो. तिने माझी चार पानं घेतली, शिक्का मारला, पोच दिली. तिच्या खुर्चीचा फोम डावीकडून बाहेर आला होता आणि ती उजवीकडे कलून बसली होती. मी गाद्या आणि बसच्या सीटा शिवतो, म्हणून असलं मला आधी दिसतं.

पाच कामकाजाच्या दिवसांनी उत्तर आलं. आपली मागणी ही दस्तऐवजाची मागणी नसून विचारणा आहे, तरी ती दहा दिवसांत स्पष्ट करावी, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.

मी बस धरून परत गेलो.

"लिसेन्सियादा, मी साधा प्रश्न विचारलाय."

"तेच ना, सेन्योर बारागान. प्रश्न विचारायचा नसतो."

"माहितीची खिडकी आहे ना ही?"

"आहे. पण इथे कागद मागायचा. त्या कागदात तुमचं उत्तर असलं तर असलं."

"कुठला कागद?"

"ते तुम्ही सांगायचं."

"तुमच्याकडे कुठले कागद आहेत ते मला कसं ठाऊक असणार?"

"ते मला सांगता नाही येणार," ती म्हणाली. "ती परत विचारणा होईल."

ती हे कुत्सितपणे म्हणाली नाही. पावसाळ्यात छत्री घ्या म्हणावं तशी म्हणाली. त्यामुळे तिच्यावर ओरडताही येईना.

कचेरीच्या समोर तेन्चाचं दुकान आहे. झेरॉक्स, वह्या, चिकटपट्टी, एक कॉम्प्युटर. कचेरीतून बाहेर पडलेला माणूस रस्ता ओलांडून सरळ तिच्याकडे जातो, कारण आतल्यांना नेहमी कसलीतरी आणखी एक प्रत हवी असते. तेन्चा साठीची, जाडजूड, चष्मा कपाळावर. मी आत शिरलो तेव्हा तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "गोष्ट लिहिलीत ना?"

"काय?"

"आपली गोष्ट. पहिल्यांदा सगळे गोष्टच लिहितात. बायको, आई, भाऊ, कसं झालं, काय झालं. बघू?"

मी पानं दिली. तिने चष्मा खाली ओढून चारही पानं वाचली. 

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "पण गोष्टीला त्यांच्याकडे टेबल नाहीये हो. ही कुठल्या विभागाला पाठवतील? रडण्याच्या?"

तिने कॉम्प्युटरवर दोन ओळी टाइप केल्या. एक जानेवारी ते एकतीस मार्च या काळातले, अमुक डायलिसिस केंद्राच्या पाण्याच्या प्रयोगशाळा तपासणीचे सर्व अहवाल. संपलं.

"आणि देल्फिना?"

"तिचं नाव टाकायचं नाही. नाव टाकलंत की तो खासगी माहितीचा अर्ज होतो. मग आधी ती तुमची बायको होती हे सिद्ध करा म्हणतील."

"करेन की. चौतीस वर्षं होती."

"करा," तेन्चा म्हणाली. "मग भेटू."

मला ते पटलंच नाही. देल्फिनासाठी अर्ज करायचा आणि त्यात देल्फिना कुठेच नाही. मी तिला नाव टाकायला लावलं, तिचा केंद्रातला नोंदणी क्रमांकही टाकायला लावला आणि तिची फाईलही मागितली. तेन्चाने ओठ दाबून टाइप केलं. ही चूक माझी, ती मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

वीस कामकाजाच्या दिवसांनी पत्र आलं. नातं सिद्ध करावं. मी लग्नाचा दाखला घेऊन गेलो. आमच्या लग्नाच्या आठवड्यात काढलेला, देल्फिनाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. इरासेमाने तो उलटसुलट बघितला.

"हा चालणार नाही, सेन्योर. दाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो."

"लग्न चौतीस वर्षांपूर्वीचं आहे."

"लग्न नाही हो, दाखला. ताजा लागतो."

"का?"

"मध्ये काही बदल झाला असेल तर."

"बदल झालाय," मी म्हणालो. "ती मेलीय. म्हणून तर आलोय."

मागे रांगेत कोणीतरी हसलं आणि मग खोकल्यासारखं केलं. इरासेमा लाल झाली. "मला माफ करा," ती म्हणाली, आणि दाखला काचेखालून परत सरकवला. "पण ताजा लागतो."

ताजा दाखला ज्या नोंदणी कचेरीत मिळतो तिथला छापायचा खास कागद संपला होता. तो यायला पाच आठवडे लागले. मी रोज फोन करायचो. तिथला माणूस मला आवाजावरून ओळखायला लागला. "नाही आला, नवरदेव," म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

सप्टेंबरमध्ये मला एक्केचाळीस पानं मिळाली. एवढा जाड गठ्ठा हातात आल्यावर मला वाटलं, झालं. कचेरीच्या पायऱ्यांवरच बसून उघडला. पहिलं पान काळं. म्हणजे ओळी होत्या, पण प्रत्येक ओळीवर जाड काळी पट्टी मारलेली. दुसरंही तसंच. अधेमधे एखादा शब्द राहिला होता. "दिनांक". "किलो". "सही". कडेला बारीक अक्षरात छापलं होतं की रुग्णाच्या गोपनीयतेचं रक्षण करण्यासाठी खासगी मजकूर झाकण्यात आला आहे. देल्फिनाचं नाव झाकलं होतं, वय झाकलं होतं, वजन झाकलं होतं, आजार झाकला होता. देल्फिनाच्या नवऱ्यापासून. तोच नवरा, ज्याने ताजा दाखला आणून तो नवरा असल्याचं सिद्ध केलं होतं. आणि एवढ्या कागदांत पाण्याचा अहवाल एकही नाही.

मी खिडकीशी गेलो.

"ही सार्वजनिक प्रत आहे," इरासेमा म्हणाली. "तुमचा अर्ज सार्वजनिक माहितीच्या फॉर्मवर आलाय ना. खासगीचा फॉर्म वेगळा असतो."

"मग तुम्ही माझ्याकडे लग्नाचा दाखला का मागितलात?"

 ती आत जाऊन कोणाला तरी विचारून आली. "तो खबरदारी म्हणून."

तेन्चाने एक्केचाळीस पानं चाळली आणि एवढंच म्हणाली, "शाई बरीच गेलीय बिचाऱ्यांची."

या वेळी मी तिचं ऐकलं. नाव नाही, गोष्ट नाही, दोन ओळी. त्याला ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं की सदर विषय आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही, केंद्राकडे विचारावं. केंद्राने कळवलं की पाण्याचे अहवाल प्रयोगशाळा थेट राजधानीच्या कचेरीला पाठवते, आमच्याकडे प्रत नसते, तरी राजधानीत विचारावं. ती दोन पत्रं एकमेकांना टाचून मी वरच्या कचेरीकडे तक्रार केली, जी असल्या कचेऱ्यांना समज देते.

तक्रारीची प्रत इथल्या खिडकीवर द्यावी लागते. ती द्यायला गेलो तो नेमका ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. खिडकी बंद. तळमजल्यावर नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणासाठी मेलेल्यांची आरास मांडणं चाललं होतं. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, गोड पाव, आणि कचेरीतल्या वारलेल्या कर्मचाऱ्यांचे फोटो. इरासेमा शिडीवर चढून रंगीत कागद लावत होती. एक साहेब खाली उभे राहून डावीकडे, उजवीकडे सांगत होते. स्पर्धा होती म्हणे, प्रत्येक खात्याची.

"सेन्योर बारागान, बुधवारी या," ती शिडीवरूनच म्हणाली. "आज सगळे इथेच आहेत."

"दिसतंय."

ती खाली उतरली, माझा कागद घेतला, टेबलावर नेऊन शिक्का मारला आणि परत शिडीवर चढली. एवढं मात्र तिने केलं. मी बसमध्ये बसलो आणि मला इतका राग आला की दोन थांबे पुढे उतरलो.

मग डिसेंबर आला, कचेरी नाताळासाठी बंद. जानेवारीत वरच्या कचेरीने हुकूम दिला की राजधानीच्या कचेरीने अहवाल शोधावेत आणि द्यावेत, आणि नसतील तर समिती बसवून तसा ठराव करावा. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, फेब्रुवारीत, मला बोलावणं आलं. एक जाड पाकीट. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ठराव होता. सर्व विभागांत सखोल शोध घेतला असता मागणी केलेले अहवाल आढळून आले नाहीत, सबब ते अस्तित्वात नसल्याचे समिती एकमताने जाहीर करीत आहे. खाली तीन सह्या, तीन शिक्के.

मी ते घेऊन तेन्चाच्या दुकानात गेलो आणि तिच्या काउंटरवर आपटलं. नऊ महिने झाले होते. मी म्हणालो, आता बास. माझी दुकानातली कामं पडलीत, माणसं सीटा परत घेऊन जातायत. नाही म्हणायचं होतं तर पहिल्याच दिवशी म्हणायचं होतं.

"पुढची पानं वाचलीत?"

"कशाला वाचू? नाही म्हणालेत."

"नाही म्हटलं की त्यांना शोधल्याचं दाखवावं लागतं," तेन्चा म्हणाली. "आणि हे लोक शोधल्याचं दाखवायला लागले की थांबत नाहीत. बसा."

तिने मागचं स्टूल ओढून दिलं. आम्ही दोघांनी पानं वाटून घेतली. प्रत्येक विभागाचं पत्र होतं. आम्ही तीन कपाटं पाहिली. आम्ही दोन टेबलांचे खण पाहिले. आम्ही जुन्या बाथरूममधली खोकी पाहिली. पुरावा म्हणून फोटो. एका फोटोत एक टाय लावलेला माणूस उघड्या, रिकाम्या खणाकडे बोट दाखवत उभा होता. दुसऱ्या फोटोत तोच माणूस, दुसरा खण.

"हिरो आहे," तेन्चा म्हणाली.

शेवटून तिसरं पान माझ्या वाट्याला आलं. आवक नोंदवहीची झेरॉक्स. शोध अगदी आवक नोंदवहीपर्यंत घेतला, हे दाखवायला कोणीतरी मार्चचं पान जोडलं होतं. मी बोट लावून एकेक ओळ वाचत खाली आलो. चार मार्च, सकाळी दहा वीस. कोणाकडून, प्रयोगशाळा. विषय, डायलिसिस केंद्राचे पाणी, जंतू मर्यादेपेक्षा जास्त, तातडीचे. कार्यवाही, फाईलला लावावे.

प्रयोगशाळेचं पाकीट ज्याने आणून दिलं त्या माणसाचं नाव तेवढं काळ्या पट्टीने झाकलं होतं.

चार मार्च बुधवार होता. देल्फिनाला वास आला तो शुक्रवारी, सहा तारखेला. मी तिला उठवलं नऊला.

मी पान तेन्चाकडे दिलं. तिने वाचलं. मग तिने चष्मा काढला, ब्लाउजला पुसला आणि परत वाचलं.  दुकानात एक बाई ओळखपत्राची प्रत मागायला आली होती, तिला तिने हातानेच थांबवलं.

मी रस्ता ओलांडून परत खिडकीवर गेलो. इरासेमाच्या पुढ्यात पान ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हा कागद आला होता," मी म्हणालो.

"हो."

"वेळेसकट लिहिलंय. फाईलला लावला म्हणून लिहिलंय. मग द्या मला."

"सेन्योर, तो अस्तित्वात नाही असा ठराव झालाय."

"मला ठराव नकोय, कागद हवाय."

"आता तो सापडला तरी…" ती थांबली, मागे बघितलं, आवाज खाली आणला. "आता तो सापडला तर ठराव खोटा ठरेल. तीन सह्या आहेत. कोण शोधणार?"

मग तिने खालून एक फॉर्म काढला. सवयीने काढला असावा. अर्जदाराचं समाधान झालं आहे का, हो, नाही, अंशतः. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःच तो बघून परत खाली ओढला. "राहू दे," ती म्हणाली.

मी पान घेऊन दुकानात परत आलो तोवर तेन्चाने मशीन चालू केलं होतं. "किती काढू?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हणालो, बारा. केंद्रात बारा मशीन आहेत.

सोमवारी पहाटे सहाच्या पाळीला मी केंद्रात गेलो. वर्षभर त्या रस्त्याने गेलो नव्हतो. बाहेरच्या बाकांवर माणसं बसली होती, पांघरुणं, पिशव्या, उशा घेऊन. पहिल्याच बाकावर एक पन्नाशीची बाई आणि तिचा नवरा बसले होते. तिने नाव सांगितलं, ओब्दुलिया. नवरा फावियान, पिवळट चेहऱ्याचा, डोळे मिटून बसलेला. मी तिला पान दिलं, ओळ दाखवली, देल्फिनाचं सांगितलं. या वेळी गोष्ट सगळी सांगितली, तिने ती सगळी ऐकून घेतली.

"म्हणजे तुमच्या बाईला आधीच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो. आणि मी तिला उठवलं."

"मग काय करायला हवं होतं?"

"घरी ठेवायला हवं होतं."

ओब्दुलियाने माझ्याकडे नीट बघितलं. "सोमवारी ठेवलं असतं. बुधवारी काय केलं असतं?"

 दोन वेळा चुकल्या की काय होतं ते मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. दुसरं केंद्र राजधानीत आहे आणि तिथे नंबर लागायला यादी आहे. नऊ महिने मी अर्ज करत होतो आणि हा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नव्हता विचारला. त्याने माझं मन हलकं झालं असं नाही. "तुला दर सोमवारी काहीतरी सापडतं" असं मी तिला म्हणालो होतो. तिला खरंच सापडलं होतं. हात धरून, तुझं खरं आहे, पण जावं लागेल, असं म्हणून नेलं असतं तर ते वेगळं असतं. तसं मी केलं नाही.

"हे गेल्या मार्चचं झालं," ओब्दुलिया पान परत वाचत म्हणाली. "आत्ताचं पाणी कसं आहे?"

"माहीत नाही."

"मग एवढे दिवस काय मागत होतात?"

तिचा आवाज कडक होता. तिला राग यायचा हक्क होता. तेवढ्यात आतून नर्सने नाव पुकारलं. ओब्दुलियाने पान घडी करून पिशवीत ठेवलं, फावियानच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं. तो कुरकुरला. "चला," ती म्हणाली, "थंडी वाजली तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही. मी नर्सच्या उरावर बसेन." ती त्याला आत घेऊन गेली.

मी उरलेली अकरा पानं वाटली. कोणी वाचली, कोणी घडी केली, एकाने विचारलं की हे कुठल्या पक्षाचं आहे. मग माझं काम संपलं होतं, पण मला निघता येईना. मी बाकावर बसून राहिलो. ओब्दुलिया दर अर्ध्या तासाने आत डोकावून यायची आणि माझ्याशी न बोलता परत बसायची. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "झोपलाय."

दहा वाजून गेल्यावर फावियान बाहेर आला, भिंतीला धरून. मी उठलो.

"थंडी वाजली का?" मी विचारलं.

त्याने आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे बघितलं. "हे कोण?"

"सांगते नंतर. वाजली का?"

"नाही. भूक लागलीय."

ओब्दुलियाने पिशवीतून फडक्यात बांधलेली गोर्दिता काढली, अंडं भरलेली मक्याची जाड भाकरी, आणि त्याला दिली. तो उभ्या उभ्याच खायला लागला. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. ते थरथरत नव्हते.

"बुधवारी येता?" ओब्दुलियाने मला विचारलं.

मी म्हणालो, येतो. मग राजधानीची अकराची बस धरायला निघालो. खिडकी तीनला बंद होते आणि चालू महिन्याचा अहवाल मागायचा होता.